शेवटची कढई

१३ जुलै, रविवार

एसटीत कंडक्टर होतो तोवर रोज तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल भरायचो. रिटायर झाल्यापासून संध्याकाळी हात शिवशिवतात, म्हणून ही डायरी. कुणी वाचणार नाही. बायकोला, रतनला, वाचायची तर चष्मा लागतो, आणि तो तिला कधी सापडत नाही.

आज औषधाचा वार. पहाटे कुणाशी न बोलता रानात जाऊन मुळी काढून आणली. मुळीचं नाव घ्यायचं नाही असा आमच्या घरचा नेम, म्हणून इथेही लिहीत नाही. दहा वाजेपर्यंत ओटा भरला. तिसगावचे, करंजीचे, एक जण तर पार आष्टीकडचा. कावीळ झालेल्याच्या हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळायचा, वरून चुन्याची निवळी ओतायची, की खाली परातीत पिवळंधमक पाणी उतरतं. लोक त्या पाण्याकडे बघतात आणि निम्मे तिथंच बरे होतात. मग मुळी दुधातून द्यायची. तेलकट, हळद, तुरीची डाळ बंद. पैसा घ्यायचा नाही, नारळसुद्धा नाही.

औषध बापाकडून माझ्याकडे आलं, बापाकडे त्याच्या बापाकडून. आमच्या घरात ज्याचे डोळे पिवळे, त्याच्याच हाताला गुण. लोकांची कावीळ आम्ही ओढून घेतो आणि ती आमच्या डोळ्यांत राहते, असं सगळी पंचक्रोशी मानते. माझा बाप ऐन उमेदीत पोट धरून गेला. लोकांची कावीळ पोटात घेऊन गेला म्हणून मयताला जत्रेएवढी माणसं होती. त्या गर्दीचा मला अजून अभिमान वाटतो.

पण हल्ली दमतो. उभ्या गाडीत पाथर्डी-नगर किती फेऱ्या केल्या, तेव्हा एवढा दमलो नव्हतो.

१६ जुलै

आज जेवताना सांगून टाकलं. औषध पोळ्याच्या अमावास्येला ज्ञानूच्या हाती देणार.

ज्ञानेश्वरी म्हणजे आमच्या आदिनाथची मुलगी, सहावीत आहे. खरं तर आदिनाथचा मान पहिला, पण त्याचे डोळे जेमतेम पिवळे, तेही सणावाराला. शिवाय टेम्पो चालवणारा, ढाब्यावर जेवणारा माणूस. त्याला पथ्य काय झेपणार? औषध देणाऱ्याला जन्मभर तळलेलं चालत नाही. ज्ञानूचे डोळे मात्र पाळण्यातच पिवळे होते. पोरगी लग्न होऊन जाईल, मग औषधही परघरी जाईल, असं रतन म्हणाली. तिला म्हटलं, गुण कुणाच्या हातात उतरायचा ते तू ठरवतेस की मी?

सूनबाई, म्हणजे धनश्री, भाकरी थापत गप्प बसली होती. मुकाट्यानं ऐकलं म्हणजे तिला मान्य आहे, असं मी धरून चाललोय.

२२ जुलै

शाळेत मुलांची तपासणी झाली. ज्ञानूला रक्त कमी आहे म्हणून चिठ्ठी दिली आणि लाल गोळ्या. पोटाला हात लावून बघताना डाव्या बाजूला काहीतरी टणक लागतंय असं त्या बाई म्हणाल्या म्हणे. धनश्रीनं हे मला दोनदा सांगितलं. मी दोनदा म्हटलं, मलाही लहानपणापासून तिथं टणक लागतं. खो-खोत मीही असाच दमायचो. बापानं मैदानातून उचलून औषधाला बसवलं, चांगलंच झालं.

धनश्री आत निघून गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्त झाला.

१ ऑगस्ट

पंचमीला धनश्री ज्ञानूला घेऊन सोनईला माहेरी गेली होती, आज परत आली. पोरीच्या कोपरात कापसाचा बोळा चिकटपट्टीनं लावलेला. विचारलं तर ज्ञानू आईकडे बघायला लागली. शाळेत लस दिली असेल. पंचमीला शाळा कुठली उघडी, हे आत्ता लिहिताना सुचतंय. जाऊ दे. लस हल्ली कुठंही देतात.

त्यांना आणायला गेलेल्या आदिनाथच्याही कोपरात तसाच बोळा होता. तो म्हणाला, काटा लागला.

३ ऑगस्ट, रविवार

आज ज्ञानूला शेजारी बसवून रस चोळायला शिकवलं. हात हलका आहे. लोकांना कौतुक वाटलं. दुपारी मी आडवा झालो, तर कार्टी उरलेला रस आणि निवळी घेऊन गोठ्यात गेली आणि शेळीचे पुढचे दोन्ही पाय धुतले. मला उठवायला आली, "आबा, शेळीचं पानी बी पिवळं आलं."

मी म्हटलं, मग शेळीला कावीळ असेल. तिला गप्प केलं. संध्याकाळी शेळीला मुळी दिली. न देऊन करतो काय, पाणी तर पिवळं आलं होतं.

शेळी आधी होती तशीच आहे. चारा खाते, टक लावून बघते.

१० ऑगस्ट, रविवार

माणसं गेल्यावर मी खुरप्याची मूठ रसानं चोळली आणि तिच्यावर निवळी ओतली. बाभळीच्या लाकडाची मूठ. पाणी पिवळं आलं.

मी परात घासून पालथी घातली. बापाला हे माहीत असेल का? असेल तर त्यानं मला का सांगितलं नाही, आणि नसेल तर त्यानं कधी करून का बघितलं नाही? पण पाणी हे काही औषध नव्हे. पाणी लोकांच्या समाधानासाठी असतं. औषध म्हणजे मुळी. मुळीनं माणसं बरी होतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सगळी नाही, पण पुष्कळ. जी होत नाहीत ती परत सांगायला येत नाहीत.

हे शेवटचं वाक्य खोडावं असं वाटतंय. राहू दे.

१४ ऑगस्ट

घरात आज मोठी कटकट झाली. धनश्रीनं सगळं ओकून टाकलं. पंचमीला माहेरी जाण्याचं निमित्त होतं. सोनईच्या डॉक्टरांनी ज्ञानूचं आणि आदिनाथचं रक्त नगरला पाठवलं होतं, पोटाची सोनोग्राफीही केली. दोघांच्या रक्तात एकच दोष निघाला. ज्ञानूच्या पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. नगरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलंय.

मी म्हटलं, अकरा वर्षांच्या पोरीला खडे कुठून? कुणाचा तरी कागद कुणाला दिला असेल. धनश्री डगमगली नाही. एरवी माझ्यापुढे पदर सावरून बोलणारी बाई, आज समोर उभी राहिली.

"आबा, डोळं पिवळं ही खून न्हाई. आजार हाय. बापाकडनं लेकराला येतोय."

"मी तरी दुसरं काय म्हनतोय? बापाकडनंच लेकराला येतंय."

मला वाटलं, जिंकलो. ती रडत होती हे नंतर दिसलं. निदान पोळ्याचं पुढं ढकला, एवढंच मागत होती. मी सांगितलं, अमावास्या माझ्यासाठी थांबत नाही. औषध हाती घेऊ दे, मग मुंबईला ने नाहीतर विलायतेला ने. आदिनाथ मान खाली घालून बसला होता. बायकोच्या बाजूनं बोलावं की बापाच्या, हे त्याला शाळेत असल्यापासून जमत नाही. तेव्हा बायको नव्हती, आई होती, एवढाच फरक.

२२ ऑगस्ट, पोळा

झालं एकदाचं.

सकाळी बैल धुतले, शिंगं रंगवली. संध्याकाळी मिरवणूक झाल्यावर घरात शेवटची कढई. आमच्याकडे ही रीत आहे. ज्याच्या हाती औषध जायचं, त्याला त्या दिवशी पोटभर तळलेलं खाऊ घालायचं, कारण पुढं जन्मभर ते त्याच्या ताटात पडणार नाही. रतननं पुरणपोळ्या केल्या, कुरडया, भजी, वर तुपाची धार. ज्ञानूनं आधी लाजत खाल्लं. मग म्हणाली, आबा, आता परत कधीच न्हाई का? मी म्हटलं, कधीच नाही. मग तिनं आणखी दोन भजी घेतली. सगळे हसलो. मला माझी कढई आठवली. माझ्या आईनं कानवले केले होते, आणि मी सातवा कानवला खाताना बाप पाठीवरून हात फिरवत होता.

धनश्री वाढायला आली नाही. डोकं दुखतं म्हणून आत निजली.

मुळी ज्ञानूच्या ओंजळीत दिली. तिनं ती कपाळाला लावली. मला फार हलकं वाटलं. फार वर्षं उचललेलं ओझं कुणीतरी घेतलं, आणि घेणारं आपलंच.

२३ ऑगस्ट

ज्ञानूचं पोट पहाटेपासून दुखतंय. उजव्या बरगडीखाली, आणि कळ मागं पाठीत जाते. मला बसल्याजागी भरून आलं. माझ्या कढईच्या दुसऱ्या दिवशी मलाही अगदी तिथंच दुखलं होतं. बाप तेव्हा आईला म्हणाला होता, रडू नको, हात बसला. म्हणजे गुण उतरला. मी रतनला तेच सांगितलं. तिनं पोरीची दृष्ट काढली.

धनश्रीला मात्र काही सांगून उपयोग नाही. ती पोरीजवळून हलत नाही. माझ्याशी बोलतही नाही.

मला अजूनही दुखतं तिथं अधूनमधून. कुणाच्या लग्नात चुकून तेलाचं काही पोटात गेलं की हमखास. पथ्य मोडल्याची शिक्षा असते ती. उद्या ज्ञानूला बरं वाटेल. मला दोन दिवसांत वाटलं होतं.

२४ ऑगस्ट, रविवार, रात्री नगरला

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. डायरी घरून निघताना पिशवीत का टाकली कळत नाही.

सकाळी ओट्यावर माणसं बसलेली, आणि आत ज्ञानूला हुडहुडी भरली. अंग भाजत होतं. डोळे हळदीत बुडवल्यासारखे. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, हे रतननं मला बाजूला घेऊन सांगितलं. मी म्हटलं, गुण जोरात उतरतोय. हे मी खरंच म्हटलं. रतननं माझ्याकडे असं बघितलं, जसं इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

धनश्री पोरीला चादरीत गुंडाळून बाहेर आली. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. एक म्हातारी पोरीच्या पाया पडायला पुढं झाली. धनश्री म्हणाली, "सरा. तापलीय ती." आदिनाथनं माझ्याकडे न बघता टेम्पो काढला. मी ओट्यावर उभा, हातात निवळीचा तांब्या. ज्ञानूनं चादरीतून हाक मारली, आबा, तुमी येताय न्हवं?

तांब्या ठेवला आणि चढलो. घाटात प्रत्येक वळणाला ती कण्हत होती. ह्या घाटात मी आयुष्य काढलं, पण एवढा लांब तो कधीच वाटला नव्हता.

२६ ऑगस्ट

काल दुर्बिणीनं तोंडातून नळी घालून पित्ताच्या वाटेत अडकलेला खडा काढला. ताप उतरतोय. पिशवी काढायचं ऑपरेशन तीन-चार दिवसांनी. आणखी एक दिवस उशीर केला असता तर विष अंगभर गेलं असतं, असं डॉक्टरीणबाई आदिनाथला म्हणाल्या. मी शेजारीच होतो. त्या माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत, म्हणजे धनश्रीनं त्यांना सगळं सांगितलेलं दिसतंय. की सांगितलं नाही, आणि मलाच तसं वाटतंय?

गावाकडून फोन येतायत. ज्ञानूनं एका दिवसात लोकांची एवढी कावीळ ओढली की पोरगी आजारी पडली, अशी बातमी तिसगावच्या बाजारात फिरतेय. पुढच्या रविवारी दुप्पट माणसं येणार. एका फोनवर मी म्हणालोही, हो, तसंच काहीसं.

फोन ठेवल्यावर मला माझी किळस आली.

३० ऑगस्ट

ऑपरेशन नीट झालं. ज्ञानू गुंगीत आहे. धनश्री तिच्या पायाशी बसल्याबसल्या झोपली.

डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून समजावलं. तरुण आहेत, आवाज शांत. माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी बशीसारख्या पसरट असतात, आमच्या घरात त्या गोट्यांसारख्या गोल होतात. पोटात डावीकडे पाणथरी असते, म्हणजे प्लीहा, तिच्यातून गोल पेशी निसटत नाहीत, तिथं अडकून फुटतात. म्हणून रक्त कमी, म्हणून पाणथरी टणक. फुटलेल्या पेशींतून पिवळेपणा निघतो, तो डोळ्यांत दिसतो आणि पित्ताच्या पिशवीत साचून त्याचे खडे होतात. पुढं कदाचित पाणथरीचंही ऑपरेशन करावं लागेल, आत्ता नाही. डोळे पिवळेच राहतील. मग त्यांनी बाटलीत घातलेले खडे दाखवले. काळे, करडईच्या दाण्याएवढे.

मी विचारलं, ह्यात लोकांची कावीळ नाही? त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. म्हणाल्या, नाही आबा. लोकांची कावीळ लोकांचीच असते. बरीचशी आपोआप बरी होते, काही जिवावर बेतते.

मग घरात आणखी कुणाला असं झालं होतं का, असं विचारून त्या लिहायला लागल्या. मी बापाचं सांगितलं. उजव्या बरगडीखाली कळ, पाठीत जाणारी. मग हुडहुडी, डोळे गडद, लघवी काळपट. चौथ्या दिवशी बडबडायला लागला, पाचव्या दिवशी गेला. बाहेर माणसं दर्शनाला बसली होती. सांगता सांगता मलाच ऐकू यायला लागलं की मी ज्ञानूचा रविवार सांगतोय. डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं.

बाहेर येऊन पाण्याच्या टाकीमागं उभा राहिलो आणि रडलो. बाप मेला तेव्हा मी रडलो नव्हतो. एवढी मोठी गर्दी बघून रडूच आलं नाही. तो कुणाचं काही पोटात घेऊन गेला नाही. त्याला आजार होता, आणि आम्ही सगळे हात जोडून बघत बसलो.

६ सप्टेंबर

परवा घरी आलो. ज्ञानू पातळ खिचडी खाते. आज तिनं विचारलं, आता मला भजी चालत्यात का? धनश्री म्हणाली, थोड्या दिवसांनी चालतील. पोरगी खूश. मग म्हणाली, "मंजी मी औषध द्यायचं न्हाई का?" मी म्हटलं, नाही. तिला वाईट वाटलं, मला दिसलं ते. पोळ्याच्या दिवशी ती कुणीतरी झाली होती, आता परत सहावीतली पोरगी. सहावीतली पोरगी असणं काय वाईट आहे, हे तिला कसं समजवावं कळेना.

धनश्रीनं मला ताट वाढलं. भाजीवर तेलाचा तवंग नव्हता. म्हणाली, तुमालाबी जपायला पाहिजे, आबा. माझ्याशी बोललेलं गेल्या पंधरवड्यातलं हे पहिलं वाक्य.

७ सप्टेंबर, रविवार

पहाटे जाग आली, पण रानात गेलो नाही. अंथरुणावर तसाच पडून राहिलो. एवढं जड काम मी आयुष्यात केलं नाही.

माणसं यायची ती आलीच, एरवीपेक्षा जास्त. मी दारात उभा राहून सांगितलं, औषध बंद झालं, दवाखान्यात जा. कुणाला पटेना. नातीसाठी गुण राखून ठेवतोय, असं एक जण मोठ्यानंच बोलला. बरेच जण बडबडत गेले. दुसऱ्या गावात दुसरा औषध देणारा आहे, ते मलाही माहीत आहे.

ओट्यावर एक जोडपं तेवढं राहिलं. छबूबाई नावाची बाई, सातवा महिना, डोळे पिवळे, ओठ कोरडे. तिला उलट्या होत होत्या. नवरा हातापाया पडला. औषध नाही तर नाही, निदान पोरीनं डोक्यावर हात ठेवावा. ज्ञानू आतून ऐकत होती. ती उठून उंबऱ्यापर्यंत आली, आणि मी दार आड केलं.

छबूबाई माझ्याकडे बघत होती. फार थकलेली होती. म्हणाली, "मंग तुमच्या डोळ्यात काय हाय, बाबा?"

"आजार हाय, बाई. माझ्या बापालाबी हुता. त्यानंच मेला तो."

एवढं बोलायला मला साठ वर्षं लागली. गेटपाशी घुटमळणारे दोघेतिघे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी मेल्या बापाच्या कपाळावरचा अबीर पुसला. आत रतन होती, तिनंही ऐकलं. मग मी आदिनाथला टेम्पो काढायला सांगितला आणि त्या नवराबायकोबरोबर मीच बसलो. वाटेत नवरा सारखं विचारत होता, बाबा, तुमी संगं हाय न्हवं? होतोच. एवढंच माझ्या हातात राहिलं होतं.

नगरच्या त्याच दवाखान्यात छबूबाईला भरती करून घेतलं. रविवार असला तरी तातडीचं बघतात. गरोदरपणातली कावीळ फार वाईट, आत्ताच काही सांगता येणार नाही, पण वेळेवर आणलंत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग मला उजेडात नेऊन माझी खालची पापणी ओढून बघितली. तुमचीही सोनोग्राफी करायला हवी आबा, कधी येता? मी म्हटलं, पुढच्या रविवारी येतो, आता रविवार मोकळाच आहे.

रविवारी हे बंद असतं म्हणाल्या. सोमवारी या. सोमवारी जाईन. रविवारी काय करायचं, ते अजून ठरत नाही.